न उतरणारा झेंडा

"थांबा! झेंडा आहे!" सुहासिनी जिवाच्या आकांताने ओरडली.

आणि नेहमीसारखं कोणीच थांबलं नाही.

पुढे शेळ्या, त्यांच्यामागे काठी फिरवत तांड्यावरची गंगी, तिच्यामागे डोक्यावर टोपली घेतलेली सत्यशीला आणि सगळ्यांत शेवटी सत्यशीलेचा धाकटा भाऊ बळीराम. खदानीकडे जाणाऱ्या गाडीवाटेने तिघं खुशाल चालत आली आणि लाल झेंड्याच्या बांबूला वळसा घालून सुहासिनीसमोरून झेंड्यापलीकडे निघाली.

"ओव्हरसियरची पोरगी पाह्य!" बळीराम खिदळला. "रोज झेंड्यापाशी उभी! जशी राखणदारच!"

"गप रे!" सत्यशीलेने त्याला दटावलं, पण तिलाही हसू आवरलं नाही.

गंगी मात्र थबकली. "काय वं, तू काहून नाही येत आमच्यासंगं? तिकडे नाल्यात मस्त पाणी हाय. झेंड्याले भेतं काय? अवं, तो रोजचाच झेंडा हाय!"

"मी बाबांना शब्द दिलाय," सुहासिनी म्हणाली.

"मंग उभी राह्य शब्द घेऊन!" गंगीने शेळ्यांना हाक घातली आणि ती निघूनही गेली. खुरांची धूळ उडाली, खाली बसली. वाट पुन्हा रिकामी झाली.

दिवाळीची सुट्टी लागली होती. मुकुटबनच्या अलीकडे एका नाल्यावर पूल बांधणं चाललं होतं आणि सुहासिनीचे बाबा, नरहरपंत, त्या कामावर ओव्हरसियर होते. आई बाळंतपणासाठी अमरावतीला माहेरी गेलेली. म्हणून सुहासिनी बाबांकडे, या सडकेकाठच्या दोन खोल्यांच्या कौलारू घरात राहायला आली होती. बाबा उजाडताच शेतांमागच्या पायवाटेने पुलावर जात ते दिवेलागणीला परतत. स्वयंपाकाला येणाऱ्या इंदूबाई भाकरी थापून निघून जात. मग दिवसभर ती, वळचणीतल्या चिमण्या आणि समोरच्या शेतातला फुटलेला कापूस.

घर आणि गाव यांच्या मधोमध खदान होती. पुलासाठी काळा दगड तिथूनच निघे. सुरुंग उडाला की दगड लांबवर उडत. म्हणून खदानीच्या दोन्ही बाजूंना, गाडीवाटेवर, एकेक लाल झेंडा होता. एक सुहासिनीच्या घराच्या बाजूला, एक गावाच्या बाजूला.

पहिल्याच दिवशी बाबांनी तिला बरोबर घेऊन सगळं दाखवलं होतं. "बांधकामावरच्या खुणा म्हणजे मुकी माणसं समज," ते म्हणाले होते. "चुना लावलेले दगड सांगतात, काठ इथे संपला. दोरीला चिंध्या बांधल्यात ना? त्या सांगतात, पलीकडे खोल खड्डा आहे. खोपटावर कवटीची पाटी आहे, म्हणजे आत सुरुंगाची दारू आहे; तिथे काडी ओढायची नाही. संध्याकाळी लाल काचेचा कंदील लावतात, तो अंधारात झेंड्याचंच काम करतो. आणि लाल झेंडा म्हणतो, थांब! तो खाली उतरेपर्यंत पाऊल पुढे टाकायचं नाही. कोणीही सांगितलं तरी नाही. देतेस शब्द?"

तिने शब्द दिला होता. पण झेंडा खाली उतरतच नव्हता!

सकाळी होता. दुपारी होता. लक्ष्मीपूजनाला खदान बंद होती, तरीही होता. त्या संध्याकाळी तिने अंगणात रांगोळी काढली, कोणी पाय देऊ नये म्हणून भोवती चुन्याचे खडे मांडले आणि उंबऱ्यावर पणती ठेवून ती बसून राहिली. रांगोळीवर पाय द्यायला कोणी आलंच नाही. पलीकडे गावात फटाके वाजत होते. मधे झेंडा फडफडत होता. उन्हाने तो इतका विटला होता, की त्याला लाल म्हणायचं की गुलाबी, असा प्रश्न पडावा.

दिवसभर ओसरीवर बसून बसून तिला एक गोष्ट मात्र कळली होती. सुरुंग खरोखर उडायचा असला, की खदानीतली माणसं एकदम पळत सुटायची आणि दगडांच्या ढिगाआड बसायची. मग क्षणभर सगळं शांत. आणि मग, धडाम! झेंड्याकडे बघून काहीच कळायचं नाही. माणसांकडे बघून कळायचं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तसंच झालं. ऊन चढलं होतं. गंगी एकटीच शेळ्या घेऊन गावाकडच्या झेंड्याखालून आत शिरली होती. इतक्यात सुहासिनीला खदानीतली माणसं पळताना दिसली. सुरुंगाआधी द्यायची शिट्टी नाही, आरोळी नाही!

ती ओसरीवरून उडी मारून धावली. आपल्या बाजूच्या झेंड्यापाशी येऊन ती ओरडली, "गंगी! थांब! मागे फिर! गंगीऽऽ!"

गंगी थांबली. ऐकायचं म्हणून नव्हे, हसायचं म्हणून! कमरेवर हात ठेवून ती ओरडली, "आली बाप्पा राखणदा—"

धडाम!

जमीन हादरली. दगडांचा पाऊस पडला. धूळ विरली तेव्हा गंगी दोन्ही हातांनी डोकं झाकून वाटेवर बसली होती. तिच्यापुढे चारदोन पावलांवर, ती न थांबती तर जिथे असती तिथे, घागरीएवढा दगड जमिनीत रुतला होता. आणि तिचं लाडकं काळं करडू एक पाय वर धरून केविलवाणं बें बें करत होतं.

गंगीने करडू छातीशी धरलं. झेंड्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या सुहासिनीकडे ती बघत राहिली.

"तो झेंडा... आज खरा होता?" तिने विचारलं.

"हो. आज खरा होता."

"मंग आमाले कसं समजावं, कोणत्या दिवशी खरा अन् कोणत्या दिवशी खोटा?"

सुहासिनीने मान वर करून विटलेल्या झेंड्याकडे पाहिलं.

संध्याकाळी तिने सगळं बाबांना सांगितलं. बाबा तडक खदानीवर गेले. पण खदानीचा मुकादम, डोमाजी, शांतपणे तंबाखू मळत म्हणाला, "साहेब, झेंडा लावला होता की नाही? होता! पोट्टी झेंडा पाहून बी आत घुसली, त्याले मी काय करू? तांड्यावाल्यांलेच समजवा."

बाबा परत फिरले. झेंडा होता, हे खरंच होतं. दुसऱ्या दिवशी मुकादमाने तांड्यावर आणि गावात जाऊन सगळ्यांना दम भरला, "पोट्टे खदानीपाशी दिसले तर खबरदार!" गंगीच्या याडीने, म्हणजे आईने, तिला त्या वाटेला जायची बंदी केली.

आता सुहासिनीच्या घरासमोरून कोणीच जाईना. टिंगल करायलासुद्धा! झेंड्यापाशी उभं राहून ओरडावं, तर ओरडायचं कोणाला? तिने एकदा उगाच "थांबा!" म्हणून बघितलं. खदानीच्या कातळावरून तिचाच आवाज परत आला. त्या रात्री जेवताना ती नुसतीच भाकरी कुसकरत बसली. बाबांनी विचारलं, "आईची आठवण येते का गं?" तिने नुसती मान हलवली. आठवण आईची तर येतच होती. पण बळीरामच्या खिदळण्याचीही येत होती, हे बाबांना कसं सांगणार?

"उद्या मोठे साहेब येताहेत यवतमाळहून," बाबा म्हणाले. "पूल बघायला. बाजाराचा दिवस म्हणून खदान बंद आहे, पण मला मात्र सकाळीच जायला हवं."

सुहासिनीचा घास हातातच राहिला.

खदान बंद. तरी झेंडा वर असणार. आणि साहेबांची जीप याच गाडीवाटेने जाणार!

"झेंडा होता म्हणून मुकादम सुटला," ती स्वतःशीच पुटपुटली. "मग आपण झेंड्याचंच ऐकलं तर?"

सकाळी ती आपल्या झेंड्यापाशी गेली. पलीकडच्या टोकाला, गावाकडच्या झेंड्यामागे, तीन ठिपके उभे होते. तिघंही आली होती तर!

"गंगीऽऽ! करडू कसं आहेऽऽ?"

"पाय बांधलाऽऽ! काडी लावून! लंगडते, पन दूध पेतेऽऽ!" गंगीचा आवाज वाऱ्यावर तुटत तुटत आला. "याडीनं आत जाऊ नको म्हटलं. झेंड्यापाशी उभी राहू नको, असं नाही म्हटलंऽऽ!"

मग तोंडाभोवती हात धरून, एकेक वाक्य ओरडत, सुहासिनीने आपला बेत सांगितला. मग बळीरामचं खिदळणं ऐकू आलं. ते खिदळणं इतकं गोड असेल, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.

"म्हंजे काहीच करायचं नाहीऽऽ?" सत्यशीलेने ओरडून विचारलं.

"काहीच नाही! फक्त थांबायचंऽऽ!"

थोड्याच वेळात गावाकडून बाजाराला जाणारी माणसं आली. बैलगाडी आली. कोंबड्यांच्या टोपल्या आल्या.

"थांबा! झेंडा हाय!" बळीराम हात पसरून उभा राहिला.

"अबे, सरक! तो रोजचाच हाय!"

"त्या दिवशी बी रोजचाच होता, काका," सत्यशीला म्हणाली. "अन् गंगीसमोर एवढाला धोंडा पडला. तो तिथंच रुतून हाय, पाह्यून घ्या."

सगळ्यांच्या नजरा वाटेवरच्या त्या काळ्या दगडाकडे गेल्या. सत्यशीलेची आई मथुराबाई खदानीवर गिट्टी फोडायची. तिने डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि ती वाटेच्या कडेला फतकल मारून बसली. "पोट्टे खरं बोलून राह्यले," ती म्हणाली. "झेंडा उतरल्याबिगर मी नाही जात!" मग एकेक करून सगळेच थांबले.

आणि इकडे धूळ उडवत जीप आली.

सुहासिनी वाटेच्या मधोमध उभी होती. एकटी. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. ती हलली नाही.

"ए पोरी, बाजूला हो! जीपमध्ये कोण आहे, माहीत आहे का?"

"लाल झेंडा आहे," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक आला. तिने पुन्हा म्हटलं, "लाल झेंडा आहे. पुढे जायचं नसतं."

जीपमधून चष्मा लावलेले, उंच साहेब उतरले. त्यांनी झेंड्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "बरोबर आहे," ते ड्रायव्हरला म्हणाले. "इंजिन बंद कर." मग तिला विचारलं, "सुरुंग कधी उडणार आहे?"

"मला नाही ठाऊक. झेंडा कधीच उतरत नाही."

"कधीच नाही?" साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

एवढ्यात मागून सायकलची घंटी वाजली. बाजारातून भाजीच्या पिशव्या लटकावून डोमाजी मुकादम येत होता. साहेबांची जीप अडलेली बघून त्याची गाळण उडाली.

"ए पोरी, सर तिकडे! जाऊ द्या साहेब, बिनधास्त जाऊ द्या! आज खदान बंद हाय!"

"बंद आहे? मग झेंडा कशाला?"

"तो... तो असतेच, साहेब."

"असतेच?"

मुकादमाच्या आता लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो ते! तो घाम पुसत म्हणाला, "मांगच्या खेपेले एक साहेब बोलले मले, झेंडा काहून नाही म्हणून. मंग म्हटलं, लावूनच ठेवावा. कोनाचं बोलनं नको."

साहेब झेंड्याच्या बांबूपाशी गेले. मग म्हणाले, "खोटं बोलणाऱ्या माणसाचं खरंही कोणी ऐकत नाही, मुकादम. तुम्ही या झेंड्याला खोटं बोलायला लावलंत. ही मंडळी तिकडे का थांबली आहेत?"

सुहासिनीने त्यांना सगळं सांगितलं. करडाचा पाय, रुतलेला दगड, न वाजलेली शिट्टी. साहेब ऐकत गेले आणि मुकादमाची मान खाली खाली जात गेली.

"आता उतरवा तो," साहेब म्हणाले. "तुमच्या हातांनी. नवं लाल कापड आणा. सुरुंग ठासला की झेंडा वर, शिट्टी, आरोळी. वाट रिकामी आहे हे बघून मगच बत्ती. सगळे बार उडाले की झेंडा खाली. त्याच वेळी खाली!"

पण झेंडा उतरेना! पावसाने, उन्हाने दोरीची गाठ अशी आवळली होती, की मुकादमाला दात लावावे लागले. पलीकडून बळीराम ओरडला, "मुकादमकाका, जोर लावाऽऽ!" आणि बाजाराला निघालेला सगळा गाव हसला. मुकादमही ओशाळं हसला.

अखेर विटकं कापड खाली आलं. मग मुकादम सायकल दामटत पलीकडे गेला आणि दुसराही उतरला.

पुलावरून बाबा धावत आले होते. साहेब त्यांना म्हणाले, "नरहरपंत, तुमच्या मुलीने आज आपल्या सगळ्यांना शिकवलं. एकटी जीपसमोर उभी राहिली!"

"एकटी नाही," सुहासिनी म्हणाली. "पलीकडे तिघं होती."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी त्या दिवशी मुकादमाला आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता," ते हळूच म्हणाले. "जा आता. वाट मोकळी आहे."

तिने वाटेवर पाऊल टाकलं. पहिलंच पाऊल! पलीकडून करडू काखेत धरलेली गंगी निघाली होती. आधी दोघी चालत होत्या, मग धावू लागल्या. रुतलेल्या दगडापाशी त्यांची गाठ पडली. गंगीने करडू सुहासिनीच्या हातात दिलं. ते उबदार होतं आणि वळवळत होतं.

दुसऱ्या दिवशी चौघं शेळ्या घेऊन नाल्याकडे निघाली होती. शिट्टी वाजली. लालभडक नवा झेंडा सरसर वर चढला.

"थांबा! झेंडा आहे!" बळीराम सुहासिनीच्या आवाजात ओरडला.

सगळी थांबली. सुहासिनीही थांबली. गंगी तिच्या एका बाजूला होती आणि सत्यशीला दुसऱ्या. झेंडा खाली यायला बराच वेळ लागला, पण आज तिला घाई नव्हती.