हसतानाचं माप

किल्ल्या पडल्या त्या नेमक्या टेलरच्या दुकानाच्या पायरीवर. केकवाली थांबली, किल्ल्यांकडे बघितलं आणि ताठ उभी राहिली. वाकायची सोयच नव्हती. कुर्त्याच्या आत तिने कॉर्सेट घातला होता. समोर हुकांच्या तीन रांगा, आत पोलादी पट्ट्या. "रोज सहा तास घाला, महिन्यात कंबर घडवा," असं मोबाईलवरच्या एका सडपातळ बाईने सांगितलं होतं. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे तर श्वासही नव्हता.

"तेवढ्या किल्ल्या..." ती दुकानातल्या तरुण मास्टरला म्हणाली.

त्याने उठून उचलून दिल्या. तिने घेतल्या... आणि पुन्हा पाडल्या.

"मी इथे पायरीवरच बसू का?" त्याने शांतपणे विचारलं.

केकवालीला हसू आलं, पण ते बाहेर पडायला वाट नव्हती. उचकी लागल्यासारखी ती नुसतीच हलली.

तसा तिला टेलर हवाच होता. मैत्रिणीचं लग्न महिन्यावर आलेलं. केक हिचाच, आणि पाहुण्यांत 'तो' येणार होता. दोन वर्षं हिच्याबरोबर फिरून, "तू छान आहेस गं, पण तू सोफ्यावर बसलीस की मला जागा उरत नाही," म्हणून निघून गेलेला. आता नवी मैत्रीण घेऊन येणार होता, आणि ती म्हणे काडीसारखी. केकवालीला निळ्या गाऊनमध्ये त्याच्यासमोरून एकदा चालत जायचं होतं. एकदाच, सावकाश. हे सगळं तिने मास्टरला सांगितलं, 'त्या'च्या फोटोसकट.

"कॉर्सेटवरून मी माप घेत नाही," मास्टर म्हणाला. "पडद्यामागे काढून या."

पडद्यामागून हूक सुटल्याचे आवाज आले. मग एवढा मोठा सुस्कारा आला की त्याने मशीन थांबवलं.

"आत अजून कुणी होतं का?"

ती खळखळून हसली. बाहेर आली तरी हसतच होती, त्याने कमरेला टेप लावली तरीही.

"सव्वीस लिहा," हसू आवरत ती म्हणाली.

"टेप वेगळंच सांगतेय."

"टेपला काय कळतंय? महिन्याभरात करून दाखवते."

"बरं," म्हणत त्याने तिच्यासमोर वहीत सव्वीस लिहिलं.

पुढचा महिना घरी तिची आत्या रोज सकाळी कॉर्सेटचे हूक लावून द्यायची. "पोती शिवायचा धंदा आपल्या घराण्यात कधी नव्हता गं," असंही म्हणायची. मास्टर मात्र कधी बाहीसाठी बोलवायचा, कधी अस्तराच्या रंगासाठी. कंबर शेवटी बघू म्हणायचा. तीही प्रत्येक वेळी केकचे कापलेले काठ घेऊन जायची. ती खायची नाही, तो खायचा... आणि ती बघायची. ताकाला जाऊन भांडं लपवणं दोघांचंही चाललं होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी ती गाऊन घालून बघायला गेली. मास्टर चहा पीत होता. एवढ्यात टक् असा आवाज आला. ती भिंतीकडे बघू लागली. पुन्हा टक्.

"उंदीर असेल," मास्टर मान वर न करता म्हणाला.

झालं. महिनाभर कोंडलेलं हसू एकदम फुटलं. कॉर्सेटच्या हुकांची अख्खी रांग उसवली, आणि एक हूक कुर्त्याच्या गळ्यातून उडून त्याच्या कपात पडला.

"साखर घातली होती मी," तो म्हणाला.

हसता हसताच तिचे डोळे भरून आले. "आता सव्वीस कुठून आणू? तो काय म्हणेल..."

"घालून तर बघा."

तिने घातला. गाऊन बसला. तिने हात वर केले, वाकून बघितलं, श्वास भरून घेतला. कुठे काही टोचलं नाही.

"कितीचं शिवलंत?"

त्याने वही पुढे केली. 'सव्वीस – मॅडम म्हणतात.' त्याखाली, 'एकतीस – हसताना.'

"हसलात की दीड इंच वाढता तुम्ही," तो वहीकडेच बघत म्हणाला. "तेवढं कापायला माझा हात धजेना. मला... तुम्ही तशाच आवडता."

"म्हणजे फसवलंत मला."

"हो. बाहीसाठी तीनदा बोलावलं, तेही उगीचच."

"आणि मी महिनाभर उपाशी राहिले?"

"ते काठ खाऊन दीड इंच मीही वाढलोय."

तिने त्याच्या कपातला हूक बाहेर काढला. मग म्हणाली, "दुपारी काय करताय?"

"मशीनला तेल घालणार होतो."

"उद्या घाला."

लग्नात तिने स्वतःच्याच केकचे दोन तुकडे खाल्ले. मास्टर शेजारी उभा राहून एकेका पाहुण्याच्या कोटाच्या शिवणीतल्या चुका सांगत होता, आणि हसून हसून तिची पुरेवाट झाली.

संध्याकाळी बेकरीच्या दारात किल्ल्या काढताना ती एकदम थांबली.

"अहो, त्याच्यासमोरून चालत जायचं राहूनच गेलं. तो आला तरी होता का?"

"आला होता. दोनदा तुमच्यासमोरून गेला... सावकाश."

तिच्या हातातून किल्ल्या पडल्या. तीही वाकली, तोही वाकला. किल्ल्या मात्र बराच वेळ कुणीच उचलल्या नाहीत.