आठ दिवस वाट पाहायची

सर्व्हरवरचं कुठलंही फोल्डर मी सरळ उडवत नाही. आधी नावापुढे 'जुने' जोडायचं आणि आठ दिवस थांबायचं. कुणाचा फोन आला नाही, कुठलं पान बिघडलं नाही, की मग खुशाल काढून टाकायचं. ही पद्धत अभिरामदादाची. वेबसाइट सांभाळायचं हे काम मला त्यानंच शिकवलं, शेजारी बसवून.

इंदरगंज चौकात, दुसऱ्या मजल्यावर आम्हा बहीण-भावाचं ऑफिस आहे. बाबा जाताना दोघांच्या नावावर करून गेले. दादाला ते विकून भोपाळला जायचं होतं आणि मी सही देत नव्हते, एवढंच काय ते भांडण. हल्ली तो त्यावर बोलायचाही थांबला होता. मला वाटलं, समजला बिचारा. मूर्ख मी!

मे महिना होता. कूलर ओल्या वाळ्याचा वास फेकत होता. इथल्या हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या वेबसाइटची जागा भरली, म्हणून मी साफसफाई काढली. तिथे प्रत्येक सभासदाचं एक फोल्डर असतं. फोटो, पत्ता, घरची माहिती. घाईत मी हरिशंकरपुरम वस्तीतल्या कुमुदिनीमावशींचं फोल्डरही जुन्यांत टाकलं. पाच दिवसांनी चूक लक्षात आली. मावशींशिवाय मंडळाचं पान हलत नाही, आणि एक तक्रार नाही? मी मंदाताईंना फोन लावला.

"कुमुदिनी? या नावाची कोण गं आपल्यात?"

मंदाताई तीस वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतात.

मी नाव पूर्ववत केलं. दहा मिनिटांत मावशींचाच फोन आला. त्यांचा घसा बसला होता.

"अश्लेषा, अगं पाच दिवस दूधवाला दारात थांबला नाही. मंदा समोरून निघून जायची. मी हाका मारत होते गं. आणि आत्ता आली ती, वाटी घेऊन, साखर मागायला."

त्या पाच दिवसांत मावशी मला एकटीलाच आठवत होत्या. नाव मी बदललं होतं ना.

हे सगळं मी दादाला सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगणार? तो हसला. "ऊन लागलंय तुला, आशू. पाणी पी."

त्यानंतरचा आठवडा विचित्र गेला. चहावाला एकच ग्लास ठेवून जायचा. घरी आई दोनच ताटं घ्यायची. "मी काय उपाशी राहू?" म्हटलं, तर तिनं वळूनही पाहिलं नाही. सहीवरून रुसली असेल, असं मी धरून चालले. माझ्याशी बोलायचा तो फक्त दादा. आणि किती गोड बोलायचा!

आज संध्याकाळी साडेपाचला मी मंडळाची यादी उघडली.

'जुने_अश्लेषा.'

तारीख आठ दिवसांपूर्वीची. मी त्याला मावशींचं सांगितलं, त्याच संध्याकाळची. नाव बदलायला गेले, तर पासवर्डही बदललेला.

"दादा, हे काय आहे?"

त्यानं मान वर केली नाही. "मी घाई नाही केली. आठ दिवस रोज वाट पाहिली, खरंच. कुणी विचारलंच नाही गं."

"आईनंसुद्धा?"

त्यानं पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

"तू मला शिकवलंस रे," मी म्हणाले. रडू आवरत नव्हतं. "तू."

"सहा वाजेपर्यंत वेळ आहे," तो प्रेमानं म्हणाला. "कुणी एकानं जरी विचारलं, तरी परत ठेवतो. बघ."

पावणेसहा झाले होते. मी आईला फोन लावला. आमच्या घरात मराठीच बोलतात. आईची हिंदी दूधवाल्यासाठी, बँकेसाठी, परक्यांसाठी.

"आई, मी बोलतेय."

"हाँ जी, कौन?"

"आई, मी आशू. एकदाच दादाला विचार ना, आशू कुठे आहे म्हणून. एकदाच."

पलीकडे आमच्या घरच्या कूलरची घरघर ऐकू येत होती. दादानं घड्याळाकडे पाहिलं.

"अरे, मराठी हो, बेटा?" आई कौतुकानं म्हणाली. "किसके घर की हो?"