उजवीकडचा अंगठा

कशेळ्याच्या रेशन दुकानात मशीन माझा अंगठा पहिल्याच दाबाला घ्यायचं. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या हातावर रेषा फारशा उरत नाहीत, पण माझ्या अंगठ्यावर थापीच्या जखमेची एक तिरपी रेघ होती. दुकानदार पोपट म्हणायचा, "काका, तुमचा अंगठा चोरीला जायाचा नाय."

मी आणि रोहिदास जोडीने काम करायचो. दोघंही अडाणी. भिंत पुरी झाली की शेवटच्या ओल्या गिलाव्यात, खालच्या कोपऱ्यात, आम्ही अंगठे दाबायचो. डावीकडे त्याचा, दगडाखाली चेपून दुभंगलेला, उजवीकडे माझा. तीच आमची सही. पुढे साठीनंतर मी साक्षरतेच्या वर्गाला बसलो, नाव लिहायला शिकलो. रोहिदास हसायचा. "भिंतीला वाचता येतं का रं?"

वाडीखालच्या फार्महाऊसची कुंपणभिंत आम्हीच बांधली. रस्त्याला जायची आमची पायवाट तिने बंद होणार, हे दोघांनाही दिसत होतं. काम हातचं जाईल म्हणून गप्प राहिलो.

दोन वर्षांमागे श्रावणात रोहिदासला साप चावला. जीप पलीकडे रस्त्यावर उभी होती. त्याला झोळीत घालून भिंतीला वळसा घालण्यात पाऊण तास गेला. जीपपर्यंत तो जिवंत पोचला नाही.

तेराव्याच्या संध्याकाळी मी एकटाच पहार घेऊन गेलो आणि दहा फूट भिंत पाडली. अंगठ्यांचा कोपराही त्यात गेला.

गुन्हा वाडीतल्या संतोषवर लागला. तो मालकाशी भांडला होता, ही भिंत ठेवणार नाय, असं चारचौघांत म्हणाला होता. त्याची रेल्वेत निवड झाली होती. शिक्षा झाली असती तर नोकरी गेली असती. मी पुढे होऊन बोलायला हवं होतं. रोज सकाळी ठरवायचो.

कर्जतच्या हुजैफा वकिलांनी त्याचा बचाव घेतला. भिंत कुणी पाडलीच नाही, कच्च्या कामामुळे ती कोसळली, असं ते मांडणार होते. त्यासाठी बांधणाऱ्याची साक्ष हवी होती. माल कोण कालवायचं, असं त्यांनी विचारलं.

"रोहिदास," मी म्हणालो. तेवढं खरं होतं.

"मग सिमेंट त्याने कमी घातलं. गेलेल्या माणसाला कोर्ट काय करणार, काका?"

तोवर मालकाने बाहेरचे गवंडी आणून भिंत पुन्हा उभी केली होती. साक्षीच्या आधी मी बघायला गेलो. खालच्या कोपऱ्यात एक अंगठा उमटलेला होता. डावीकडे. दुभंगलेला. उजवीकडची जागा मोकळी होती.

कुणी मजुराने दाबला असेल, असं मनाला सांगितलं आणि पहारीच्या टोकाने तो खरवडून काढला. चार दिवसांनी गेलो, तर तो तिथेच होता.

कोर्टात मी सांगितलं, रोहिदास सिमेंट कमी घालायचा. मागच्या बाकावर त्याची बायको जनी बसली होती. लग्न होऊन वाडीत आल्यापासून ती मला दादा म्हणते. तिने पदर तोंडाला लावला.

जबानीखाली मी सही केली. अक्षरं वेडीवाकडी आली, म्हणून कारकुनाने शेजारी अंगठाही घेतला.

शाईचा ठसा दुभंगलेला होता.

कारकुनाने कागद उलटला. मी अंगठा धोतराला पुसला. तिरपी रेघ नव्हती.

महिन्याने संतोष सुटला. वाडीत पेढे वाटले. मी भिंतीकडे गेलो.

उजवीकडे आता माझा अंगठा होता, तिरप्या रेघेसकट. गिलावा वर्षाचा, दगडासारखा घट्ट.

डावीकडच्या खुणेत मी अंगठा ठेवला. तो नीट बसला.

पुढच्या रेशनला मशीनने अंगठा पहिल्याच दाबाला घेतला. पोपट पडद्याकडे बघत राहिला.

"काका, हितं रोहिदासचं नाव येतंय. ते तर कमी केलेलं."

जनी रांगेत माझ्या मागेच होती. ती दचकली नाही. पुढे आली, रिकामी पिशवी तिने उघडली.

"अवो," ती म्हणाली, "जरा धरा."