ओवीची दुसरी ओळ

नावापासून गावापर्यंत सगळं खरं लिहितेय. विश्वास ठेवा म्हणून हात जोडणार नाही. हे खोटं असतं तर सगळ्यात आधी मीच सुटले असते.

११ फेब्रुवारी २०२४. रविवार, दुपारचे चार. कामोठ्यातल्या एका सोसायटीचा पहिल्या मजल्यावरचा हॉल.

आमच्या हौशी मंडळाचं नवं संगीत नाटक येणार होतं. विषय वृद्धाश्रम. त्या दिवशी ऑडिशन होती आणि मला मुख्य आजीची भूमिका हवी होती.

काहीही करून.

वीस वर्षं मागच्या रांगेत उभी राहून कोरस गायलेय मी. आणि या वेळी तर मटेरियल माझ्याकडे घरचंच होतं ना!

माझी आई, वेणूबाई, चौदा महिने वृद्धाश्रमात होती. माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटं. मी तीनदा गेले. आधीच्या नोव्हेंबरात ती तिथेच वारली.

ऑडिशनला मी तिचीच साडी नेसले. तिच्यासारखी वाकले. लाज खाली चपलांसोबत काढून ठेवली होती.

गायला ओवीही तिचीच निवडली. आम्ही मूळचे जालन्याकडचे. लहानपणी जात्यावर आई पहिली ओळ म्हणायची, समोर बसून दुसरी मी जोडायचे.

दिग्दर्शिका रुतिका माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, "ताई, घ्या तुमी. टेन्शन नका घेऊ." पेटीवर ज्योतिबाकाका होते.

"जात्याच्या गं मुखामंदी घालिते मी जोंधळा,
लेक बसली समोर, हात तिचा गं कोवळा."

दोन्ही ओळी मीच म्हटल्या.

हॉल शांत झाला. वर पंखा फिरत होता, पण त्याचासुद्धा आवाज येईना.

आणि मग... समोरून कुणीतरी गायलं.

अगदी जमिनीलगत. खाली बसून गाणाऱ्या बाईचा आवाज.

"दिस कलला गं बाई, दाराकडं माझे डोळे..."

ही ओवी मी जन्मात ऐकली नव्हती. आवाज मात्र...

समोर नुसती फरशी होती.

ओळ संपली. आवाज थांबला. माझ्यासाठी.

मी किंचाळून पळायला हवं होतं. पण रुतिका पेन धरून माझ्याकडे बघत होती. भूमिका हातची जाईल, एवढंच माझ्या मनात आलं. म्हणून मी ओळ जोडली. धडधडीत खोटी.

"लेक येती गं वाटेनं, पायी वाजतात वाळे."

रुतिका रडायलाच लागली. "ताई, मधे काय पॉज घेतला तुमी! रोल तुमचाच. फायनल."

पॉज?

जिन्यात काकांनी मला गाठलं. चेहरा उतरला होता.

"शर्मिला, मधली ओळ कोण गायलं गं?"

"मीच की काका."

"येड्यात काढू नको. चाळीस वर्षं साथ करतोय. तुझी पट्टी ती नाय."

रुतिकाने संध्याकाळी व्हिडिओ ग्रुपवर टाकला. पहिली ओवी म्हणून मी मान खाली घालून उभी आहे. गाण्याचा आवाज नाही. पण पेटी वाजतेय... कुणाच्या तरी मागोमाग. मधे श्वासाला जागा सोडत.

तेव्हापासून प्रत्येक तालमीत तीच ओळ येते. प्रत्येक प्रयोगात येते.

आईची रीतच होती ती. जोडलेली ओळ पटली नाही की ती जातं थांबवायची आणि आपली ओळ पुन्हा म्हणायची. पटेपर्यंत.

मी दर वेळी नवीन खोटं जोडते. ते तिला पटत नाही. प्रेक्षकांना मात्र फार आवडतं. प्रयोग संपल्यावर बायका माझ्या पाया पडतात. किती समजून घेतलंत हो आईला, म्हणतात.

खरी ओळ मला ठाऊक आहे. त्या नोव्हेंबरात आश्रमातून फोन आला होता. आजी तुमचं नाव घेताहेत, आजच या. मी तालमीत होते. म्हटलं, रविवारी बघते. रविवार तिला दिसला नाही.

एवढंच चालीत म्हणायचंय. यमकही जुळवता येईल.

पण ते म्हटलं, की आई तिथे थांबणार नाही. ती पुढची ओवी सुरू करील... आणि त्यात ती मला काय विचारणार, ते मला आत्ताच माहीत आहे: मग आता कुठल्या रविवारी येतेस गं?