कड्यांमधली काळी घाण

यात एक अक्षरही पदरचं नाही. विनीत आणि त्याची बायको प्राची यांच्या तोंडून जसं ऐकलं, तसंच लिहिलंय. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं.

गेल्या जानेवारीतला रविवार. दुपारचे साडेतीन. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधला चौदावा मजला.

भुताखेतांची ना वेळ, ना जागा.

विनीतला जुन्या परदेशी घड्याळांचं वेड. त्यातही स्टॉपवॉच असलेली, ज्यांना क्रोनोग्राफ म्हणतात, ती म्हणजे त्याचा जीव की प्राण. हौसेला मोल नसतं म्हणतात. याच्या हौसेला अक्कलही नव्हती. बायकोचा वाढदिवस विसरेल, पण कुठलं घड्याळ कुठल्या सालचं ते झोपेतही सांगेल.

आदल्या दिवशी त्याला डोंबिवलीच्या ओळखीतल्या नयनकडून एक मिळालं. साठेक वर्षं जुनं, स्टीलच्या पट्ट्याचं. नयनच्या वारलेल्या काकांचं. काका कसे गेले, हे नयनने सांगितलं नाही. यानेही विचारलं नाही.

तो थेट टेंभी नाक्यावर गुणाजीकाकांकडे गेला. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. गुणाजीकाकांनी डोळ्याला भिंग लावलं... आणि घड्याळ पटकन खाली ठेवलं.

“मेलेल्या माणसाचं घड्याळ आधी खोलून धुवायचं, मगच मनगटावर. आमच्या धंद्यातली रीत आहे. पट्ट्याच्या कड्यांमध्ये काय साचलंय बघ.”

“काका, हात नका लावू! ओरिजिनल घाण आहे ती. धुतलं की मजाच गेली.”

शौकीन लोकांचा हा हट्टच असतो. ओरखडा पुसायचा नाही, डाग काढायचा नाही.

रविवारी त्याने ते डाव्या हातात घातलं. स्टॉपवॉच बरोबर चालतं का बघायला मोबाईलचा टायमर आणि घड्याळाचं बटण एकदम दाबलं.

टिक... टिक...

“अरे, चहा घे,” म्हणत प्राची कप घेऊन आली.

आणि रस्त्यावरचे हॉर्न बंद झाले.

पंख्याची घरघरही.

खोलीत फक्त टिकटिक राहिली... आणि कुणाचा तरी श्वास.

पट्टा आवळला. कड्यांमधली काळी घाण ओली झाली. मनगटावरून लाल ओघळ आला... कोमट.

मग काहीच नाही.

शुद्ध आली तेव्हा तो प्राचीच्या छातीवर बसला होता. फुटलेल्या कपाचा तुकडा तिच्या गालात रुतलेला. गळ्यावर पाच बोटांचे वळ. भिंतीवर रक्ताचे शिंतोडे. त्याच्या स्वतःच्या डाव्या हाताची तीन बोटं मोडून उलटी वळलेली.

मोबाईलवर चार मिनिटं सतरा सेकंद झाले होते.

“प्राची! अगं, बोल ना!”

शेजारच्या सुधीरने गाडी काढली, म्हणून ती वाचली.

दोन दिवस तिला बोलता येत नव्हतं. विनीत वॉर्डाबाहेर बसून. आपणच हिला मारत होतो, एवढंच त्याच्या डोक्यात. तिसऱ्या दिवशी तिने आत बोलावलं. त्याची मान वर होईना.

“मीच केलं ना गं?”

“हात तुझा होता,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “पण दुसऱ्या हाताने तूच तो सोडवत होतास. रडत होतास रे. स्वतःची बोटं तूच मोडलीस... एकेक करून.”

विनीत ढसाढसा रडला. बायकोला आपली भीती वाटत नाही, एवढंच त्याला हवं होतं.

पण प्राची त्याच्याकडे बघत नव्हती.

“तुझा एक हात गळ्यावर. दुसरा सोडवायला,” ती म्हणाली. “मग केसांना धरून माझं डोकं जमिनीवर कोण आपटत होतं?”

तेवढ्यात नर्स पट्टी बदलायला आली. विनीतने प्राचीच्या डोक्याची मागची बाजू पाहिली. मुठीएवढ्या जागेतले केस... मुळासकट उपटलेले.

ते घड्याळ आता कुठे आहे, हे विनीत सांगत नाही. झाल्या प्रकाराचा उलगडा आजवर कुणाला झालेला नाही.

प्राची हल्ली केस अगदी बारीक कापून ठेवते. कुणी विचारलं तर म्हणते, उकाडा फार होतो.