निळ्या चपलेची साक्ष

"हे चक्रवाक पाखरू तीन दिवसांत वीतभरही हललेलं नाही," म्हणत मिसबाहने कॅमेऱ्याचा पडदा धाकट्या भावासमोर, सैफसमोर धरला. "शुक्रवारी इथे, काल इथे, आजही इथेच, या दोन काळ्या खडकांसमोर."

"झोपाळू असेल," सैफ म्हणाला. "तुझ्यासारखं."

महाशिवरात्रीला जोडून सुट्टी आली, तशी मिसबाहने नशिराबादच्या चांदमामूंकडून लग्नांचे फोटो काढायचा त्यांचा जुना कॅमेरा मागून आणला होता. संक्रांतीलाही आणला होता. थंडीत गावच्या तलावावर उतरलेली बदकं उत्तरेला परतण्याआधी त्यांचे फोटो काढायचे, हा तिचा आणि मैत्रीण प्रज्ञाचा बेत. बरीचशी बदकं निघूनही गेली होती. उरला होता केशरी चक्रवाकांचा एक थवा.

प्रज्ञाने कॅमेऱ्यातून निरखून पाहिलं. "अगं, ते पंख उघडतंय, पण कुणी पाय ओढल्यासारखं पुन्हा खाली बसतंय."

"जाळं," मिसबाह हळूच म्हणाली.

त्याचा जोडीदार जवळच बसून सारखा साद घालत होता. थवा उद्या उडाला तर हे मागे राहणार, आणि काठावरची कुत्री काही उपाशी राहायची नाहीत.

सैफने पँट वर दुमडली, तेवढ्यात तिने त्याची कॉलर धरली. "गाळात रुतलास तर आधी तुलाच काढावं लागेल. वाल्मीकभाऊंकडे चल."

वाल्मीकभाऊ ट्रकच्या ट्यूबवर बसून तलावात मासे धरायचे. आत्ता ते ओट्यावर फाटकं जाळं सांधत होते.

"बठ्ठी जाळी मी कवयच काढी लिन्ही," ते मान वर न करता आपल्या अहिराणीत म्हणाले. "पाण्यात एक बी नही शे. पाखरू आजारी व्हई. जा, अभ्यास करा."

भाऊ तसे प्रेमळ, पण एकदा नाही म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत. पोरं हिरमुसून निघाली. चालता चालता संक्रांतीचे फोटो चाळणारी मिसबाह मध्येच थबकली. काठावरच्या त्याच दोन काळ्या खडकांसमोर पाण्यावर निळ्या चपलेचा तुकडा तरंगत होता. जाळं कुठे आहे ते कळावं म्हणून मासे धरणारे जाळ्याला असे जुन्या चपलांचे तुकडे बांधतात.

"चल, भाऊंच्या तोंडावर फेकू हा फोटो," सैफ म्हणाला.

"मग ते हटूनच बसतील. आपण फक्त विचारायचं."

परत जाऊन तिने फोटोतली चपलेची खाच पाडलेली टाच तेवढी मोठी करून भाऊंसमोर धरली. "भाऊ, ही खाच कोणाची खूण हो?"

भाऊंनी डोळे बारीक केले. "मनीच शे! तिकोनी खाच मीच करस. हाईच जाळं त्या युवराजनी चोरं. तवयपासून मी त्यानासंगे बोलस नही."

युवराजभाऊ त्यांचे मासेमारीतले वीस वर्षांपासूनचे जोडीदार. दोघांचा अबोला साऱ्या गावाला ठाऊक होता, कारण मात्र आज कळलं.

मिसबाहने फोटो पुन्हा लहान केला. खडक दिसले, समोर चप्पल. मग आजचा फोटो दाखवला. तेच खडक, समोर चक्रवाक.

भाऊंनी हातातली सुई खाली ठेवली. जाळं कुणी चोरलंच नव्हतं. चप्पल सुटून वाहून गेली, जाळं जागच्या जागी बुडालं, आणि पाणी उतरल्यावर त्यात पाखराचा पाय अडकला.

"ट्यूबमा हवा भरा रे," ते म्हणाले.

पण एकाने ट्यूब सांभाळायची, दुसऱ्याने पक्षी धरायचा. हे एकट्याचं काम नव्हतं.

"युवराजभाऊंना बोलावू?" सैफने भीत भीत विचारलं.

"तू नको. मीच जास."

युवराजभाऊंच्या दारात जाऊन ते म्हणाले, "युवराज, तू चोर नही शे. मी येडा शे. चल, पाखरू सोडाडानं शे."

युवराजभाऊंनी खांद्यावर टॉवेल टाकला आणि ते निघाले. तलावात त्यांनी पाखराला टॉवेलात अलगद धरलं, वाल्मीकभाऊंनी एकेक दोरा कापला. पाखरू दोनदा धडपडलं, मग उडालं. जोडीदार लगेच त्याच्यामागे झेपावला. मिसबाहने फोटो काढला, पण घाईत तो पार हलला.

"आम्ही दोघं म्हातारे झालो, पण डोळे या पोरींना आहेत," काठावर येत युवराजभाऊ म्हणाले.

संध्याकाळी चांदमामू कॅमेरा न्यायला आले आणि सगळे फोटो चाळून एका फोटोवर थांबले. त्यात पक्षी नव्हताच. चिखलाने माखलेले वाल्मीकभाऊ आणि युवराजभाऊ एकच जाळं दोन टोकांनी धरून हसत होते.

"हजार लग्नांत मला असं हसू मिळालं नाही, बेटा," मामू म्हणाले आणि कॅमेऱ्याचा पट्टा त्यांनी मिसबाहच्या गळ्यात घातला. "हा आता तुझ्याकडेच राहू दे."