शब्दावरची रेघ

बाबांनी उभी हयात एका इंग्रजी वर्तमानपत्रात मुद्रितं तपासण्यात घालवली, आणि रविवारचं शब्दकोडंही तेच रचायचे. कोडं साधं होतं. चार अक्षरं द्यायची आणि ती चारही ज्यात असतील असा लांबलचक इंग्रजी शब्द वाचकांनी शोधायचा. बाबा निवृत्त झाले तेव्हा हे काम त्यांच्या मुलीकडे आलं, आणि कामाबरोबर त्यांचे दोन नियमही आले. लाकडी अक्षरं पिशवीतून न बघता काढायची. आणि उत्तरात आलेला शब्द पुन्हा वापरायचा नाही. त्यावर लगेच इंग्रजी शब्दकोशात रेघ मारून टाकायची. तिचा नवरा हसायचा. म्हणायचा, तुमच्या घराण्याची काटकसर म्हणजे कमाल आहे, शब्दसुद्धा एकदाच वापरता.

मग बाबांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. ज्या माणसाला जरा गप्प बसा म्हणता म्हणता तिच्या आईचा जन्म गेला, तो आता खिडकीजवळच्या लोखंडी खाटेवर पडून नुसता बघत राहायचा. उपचाराला येणाऱ्या बाईंनी हरतऱ्हेचे व्यायाम करून घेतले. शेवटी त्या म्हणाल्या की, त्यांच्या हाडीमासी भिनलेलं एखादं काम त्यांना देऊन बघा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं बाबांच्या मांडीवर ट्रे ठेवला आणि पिशवीत हात घातला. एम, बी, आर, एल निघाली. बाकीची अक्षरं तिनं ट्रेमध्ये ओतली. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग डावा हात हलला, आणि एकेक अक्षर सरकवत त्यांनी 'अंब्रेला' जुळवला. तिनं सवयीनं कोश उघडला आणि शब्दावर पेन्सिलीनं रेघ मारली.

"छत्री," बाबा म्हणाले.

आवाज घोगरा होता, पण शब्द स्वच्छ होता. ती ढसाढसा रडली. परगावी वसतिगृहात राहणाऱ्या लेकीला तिनं तेव्हाच फोन लावला. तिला सगळं घर पिल्लू म्हणायचं. पिल्लूही तिकडे रडली आणि सुट्टी लागली की लगेच येते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोडं द्यायला कचेरीत निघताना आभाळ भरून आलं होतं. दारामागच्या खुंटीला हात घालून ती थबकली. काळं कापड, काड्या, वाकडी मूठ. ही वस्तू कशासाठी असते ते तिला ठाऊक होतं. नाव मात्र आठवेना, इंग्रजीतलंही नाही आणि मराठीतलंही नाही. जागरणं फार झाली आहेत, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि ती वस्तू घेऊन बाहेर पडली.

रोज दुपारी खेळ मांडला जाऊ लागला. रोज एक शब्द, रोज एक रेघ. बाबांना शब्दाला शब्द जोडता येऊ लागला. उशी नीट कर, पंखा बंद कर, असे हुकूम सुटू लागले. उपचाराच्या बाई थक्क झाल्या. 'रेफ्रिजरेटर' सापडला त्या दिवशी तर बाबांनी फ्रिजमधलं गार पाणी मागितलं. ते काय मागतायत हे काही तिला कळलं नाही. तिनं माठातलं दिलं.

संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा ओट्यावर दूध नासलं होतं.

"फ्रिज बिघडला का?" त्यानं विचारलं.

त्यानं हात केला तिकडे तिनं पाहिलं. कोपऱ्यात एक पांढरं कपाट गुरगुरत होतं. ते घरात कधी आलं आणि कुणी आणलं, ते तिला काही केल्या आठवेना. नवऱ्याला तसं सांगायची तिला भीती वाटली. डॉक्टरांकडे ती एकटीच गेली. त्यांनी डोक्याचे फोटो काढले, सगळं ठीक आहे म्हणाले आणि विश्रांती घ्यायला सांगितलं.

ती काही भोळीभाबडी नव्हती. हा त्या रेघांचाच प्रकार आहे का ते करून बघावं, म्हणून तिनं खोडरबर घेतलं. आतल्या खोलीत बाबा नवऱ्याला गोष्ट सांगत होते. लग्नाआधी तिच्या आईबरोबर ते एकाच छत्रीतून स्टेशनपर्यंत कसे गेले, त्याची गोष्ट. तिनं कोशातली पहिली रेघ खोडली.

छत्री. दारामागे छत्री होती.

आत बाबांचा आवाज वाक्याच्या मधेच तुटला. ती धावत गेली. ते तोंड उघडून बसले होते, ओठ नुसते थरथरत होते, आणि डोळ्यांत अशी भीती होती की तिला बघवेना. ती परत फिरली. जिथून रेघ खोडली होती तिथेच तिनं ती पुन्हा ओढली. आत गोष्ट पुढे सुरू झाली.

बाबांना तिनं यातलं अवाक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी जन्मात पुन्हा तोंड उघडलं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोन-चार शब्दांवाचून माझं काय अडणार आहे, ती मनाशी म्हणाली. पण बापाचा नियम मात्र तिनं मोडला. ती आता पिशवीत बघून अक्षरं काढू लागली. एच, पी, एम, एस दिली आणि बाबांनी आज्ञाधारकपणे 'हिप्पोपोटॅमस' जुळवला. पाणघोडा गेला. मगर गेली, गेंडा गेला. तिनं घरबसल्या अख्खं प्राणिसंग्रहालय रिकामं केलं आणि तिला काडीचंही दुःख झालं नाही. बाबा बोलत होते. घर पुन्हा भरल्यासारखं वाटत होतं.

पिल्लू यायची त्या दुपारी तिनं डी, जी, एच, टी काढली. 'स्ट्रेटफॉरवर्ड' हा शब्द तिच्या मनात होता. सरळपणा गेला तरी माणसाचं चालतं, असा तिचा हिशोब. बाबांनी ट्रेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ते हसले आणि अक्षरं भराभर सरकवू लागले.

'ग्रँडडॉटर.'

"हा नको, बाबा. दुसरा शोधा."

त्यांना कळेना. त्यांनी ट्रेवर बोट आपटलं. चारही अक्षरं होती, शब्दही लांब होता.

"बरोबर आहे. पण हा नको."

"आज माझी..." बाबा म्हणाले आणि अडले. "माझी..." त्यांचे डोळे भरून आले.

तिनं कोश मिटून खाटेशेजारच्या टेबलावर ठेवला, पेन्सिल अंबाड्यात खोचली आणि ती स्वयंपाकघरात गेली. चहाला आधण ठेवलं. दोन्ही हात ओट्यावर टेकून ती उभी राहिली. पिल्लू, पिल्लू, पिल्लू, ती पुटपुटत राहिली.

पाणी उकळलं.

ती तशीच उभी होती. ओठ हलत होते. आपण काय म्हणत होतो, ते तिच्या ध्यानात येईना.

चहा घेऊन ती आत आली. कोश बाबांच्या मांडीवर उघडा होता. एका शब्दावर नखानं रेघ ओढलेली होती, अगदी सरळ. बाबांचा उजवा हात पानावर होता, झटक्यानंतर कधीच न हललेला. तो शब्द तिनं वाचून पाहिला. अक्षरं ओळखीची होती, शब्द मात्र परका होता.

"आज माझी नात येणार," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"हो का?" ती म्हणाली. बाबा इतके खूश आहेत, हे बघून तिला बरं वाटलं.

बेल वाजली.

दारात एक मुलगी उभी होती. खांद्यावर मोठी बॅग होती, केस विस्कटलेले होते. तिनं बॅग खाली टाकली आणि गळ्यातच पडली.

"किती वाळलीस गं आई."

मिठी सोडवून ती हळूच बाजूला झाली. मुलगी थकलेली दिसत होती, लांबून आली असावी. थकल्याभागल्याला दारात ताटकळत ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"या ना, बसा," ती अदबीनं म्हणाली. "बाबा आतच आहेत. कोण आलंय म्हणून सांगू?"